चेतापेशींच्या तयार स्लाइड्सचा संच: रचनेला पूर्ण गुण, संदेशवहनाला निम्मे

चेतापेशींची रचना आणि त्यांचे परस्परांशी चालणारे संदेशवहन समजावून देण्यासाठी तयार केलेला दहा स्लाइड्सचा एक संच गेले काही महिने मी वर्गात वापरत आहे. पेटीत दहा काचपट्ट्या आणि प्रत्येक स्लाइडचे रेखाचित्र व माहिती देणारी एक छापील पुस्तिका असे त्याचे स्वरूप आहे. माझे मत आधीच सांगतो. दहापैकी चार स्लाइड्स इतक्या उत्तम उतरल्या आहेत की केवळ त्यांच्यासाठी हा संच घ्यावा. उरलेल्या कामचलाऊ आहेत. पुस्तिका रचनेविषयी विश्वासार्ह आहे, पण संदेशवहनाविषयी तिने मोजक्याच, तरीही गंभीर चुका केल्या आहेत. या चुकांबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे, कारण स्लाइडखाली पेशी दिसते, तिचे काम दिसत नाही. आणि जे डोळ्यांना दिसत नाही त्यासाठी विद्यार्थ्याला पुस्तिकेवरच विसंबावे लागते.

सुरुवात मेरुरज्जूच्या लेपाच्या स्लाइडने करावी. गुरांच्या मेरुरज्जूतील करड्या भागाचा थोडासा अंश काचेवर पसरून तो निळ्या रंजकाने रंगवला आहे. कमी वर्धनाखाली आधी दिसतात ते असंख्य बारीक गडद ठिपके. ही सहायक पेशींची केंद्रके असतात आणि नवखा विद्यार्थी हमखास त्यांनाच चेतापेशी समजतो. त्यांच्या मधेमधे विखुरलेले मोठे, कोनाकोनांचे निळे आकार म्हणजे स्नायूंना हुकूम देणाऱ्या प्रेरक चेतापेशी होत. चाळीसच्या भिंगाखाली अशी एक पेशी नीट मध्यभागी आणली की तिचे फिकट, गोल, टपोरे केंद्रक आणि त्यातला गडद केंद्रकी ठिपका स्पष्ट दिसतो आणि पेशीद्रव्यात निळ्या ढेकळांसारखे निस्ल कण पसरलेले आढळतात. हे कण म्हणजे प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमनी लगडलेले आंतर्द्रव्यजालिकेचे थर. ते इतके दाट असावेत यातच या पेशीच्या कामाचा आवाका कळतो, कारण पेशीकाय एक मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान असताना तिचा अक्षतंतू, म्हणजे संदेश बाहेर नेणारा लांब फाटा, मात्र माणसाच्या पायात जवळजवळ एक मीटर लांब जाऊ शकतो, आणि त्या सगळ्या लांबीला लागणारी बहुतेक प्रथिने या इवल्याशा पेशीकायात तयार करून पुढे पाठवावी लागतात.

या स्लाइडची खरी परीक्षा वेगळीच आहे. पेशीकायापासून निघालेल्या पाच-सहा फाट्यांपैकी अक्षतंतू कोणता आणि संदेश घेणाऱ्या फांद्या, म्हणजे वृक्षिका, कोणत्या, हे ओळखता यायला हवे. निस्ल कण वृक्षिकांच्या बुंध्यात शिरतात, अक्षतंतूत शिरत नाहीत; तो जिथून निघतो तो शंकूसारखा भाग रिकामा, फिकट दिसतो. निकृष्ट लेपात सगळेच फाटे एकतर तुटलेले असतात किंवा एकसारखे निळे माखलेले असतात. या संचातल्या लेपात मात्र थोडा शोध घेतल्यावर असा फिकट शंकू असलेल्या पेशी सापडतात आणि एकदा तो ओळखता आला की विद्यार्थी तो पुन्हा विसरत नाही. पुस्तिकेनेही रेखाचित्रात हा भाग ठळक दाखवला आहे, त्याबद्दल तिचे कौतुक केले पाहिजे. फक्त एक वाक्य आणखी हवे होते. वृक्षिकांवर आणि पेशीकायावर येणाऱ्या सर्व संदेशांची बेरीज-वजाबाकी होऊन पुढे आवेग, म्हणजे विद्युत संदेश, पाठवायचा की नाही, याचा निर्णय या शंकूच्या लगेच पुढच्या, अक्षतंतूच्या सुरुवातीच्या तुकड्यात होतो. रचना आणि काम यांची गाठ जिथे पडते तीच नेमकी जागा पुस्तिकेने नुसते नाव देऊन सोडून दिली आहे.

दुसरी उत्तम स्लाइड अनुमस्तिष्काची (लहान मेंदूची), गॉल्जी पद्धतीने रंगवलेली. कामिल्लो गॉल्जी यांनी 1873 मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. ऊती आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये मुरवायची आणि मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवायची. काही पेशींच्या आत सिल्व्हर क्रोमेटचा गडद साका बसतो आणि त्या पेशी आपल्या सगळ्या फांद्यांसह पिवळसर पार्श्वभूमीवर काळ्याभोर उठून दिसतात. शेकड्यात मोजक्याच पेशी अशा रंगतात, आणि नेमक्या त्याच का रंगतात हे आजही नीट उलगडलेले नाही. पण पद्धतीचे सगळे मोल या मोजकेपणातच आहे. सगळ्याच पेशी रंगल्या असत्या तर सर्वत्र काळे रान दिसले असते आणि एकाही पेशीचा आकार कळला नसता. सांतियागो रामोन इ काहाल यांनी 1887 मध्ये या पद्धतीच्या स्लाइड्स प्रथम पाहिल्या आणि पुढच्याच वर्षापासून चेतापेशी या परस्परांपासून स्वतंत्र पेशी आहेत असे पुराव्यानिशी मांडायला सुरुवात केली. गॉल्जी स्वतः मात्र चेतासंस्थेला एकसंध जाळे मानत राहिले. 1906 चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले, तेव्हाही आपल्या भाषणात त्यांनी काहाल यांच्या मताला विरोधच केला. एकाच रंजनपद्धतीने दोन थोर निरीक्षकांना दोन निराळे निष्कर्ष दिले, ही गोष्ट पुस्तिकेने थोडक्यात पण नेटकी सांगितली आहे.

या स्लाइडमध्ये पर्किंजे पेशी, ही अनुमस्तिष्कातली मोठी चेतापेशी, पाहताना श्वास रोखला जातो. तिच्या वृक्षिकांचा पसारा भिंतीला चिकटून पसरलेल्या वेलासारखा एकाच प्रतलात असतो, म्हणजे समोरून पाहिला तर भरगच्च आणि बाजूने पाहिला तर अरुंद पट्टीएवढा. म्हणूनच ऊतीचा छेद कोणत्या दिशेने घेतला आहे याला इथे फार महत्त्व आहे, आणि नेमकी हीच माहिती या स्लाइडच्या चिठ्ठीवर नाही. बाकीच्या बहुतेक चिठ्ठ्यांवर प्राणी, अवयव, छेदाची दिशा आणि रंजकाचे नाव असे सगळे व्यवस्थित छापलेले असताना इथेच ती का गाळली, हे कळत नाही. माझ्याकडच्या संचातला छेद योग्य दिशेने घेतलेला आहे. परंतु याच संचाची दुसरी एक पेटी पाहण्यात आली, तिच्यातल्या पेशी मात्र कडेने कापलेल्या होत्या आणि त्या पसाऱ्याचा अंदाजही येत नव्हता.

जाड छेदामुळे भिंग सतत खालीवर करत पाहावे लागते, पण त्यातही एक आनंद आहे, कारण एक फांदी धूसर होते तोच तिच्यामागची दुसरी स्पष्ट होते आणि पेशीला खोली आहे हे हातालाच कळते. चाळीसच्या भिंगाखाली बारीक वृक्षिकांच्या कडेला काट्यांसारखी सूक्ष्म टोके दिसतात. इतर पेशींकडून येणारे बहुतेक उत्तेजक संपर्क या काट्यांवर होतात, आणि एका पर्किंजे पेशीवर अशा संपर्कांची संख्या लाखाच्या घरात असते. स्लाइडमध्ये अक्षतंतू थोडासाच दिसून नाहीसा होतो, हा दोष समजू नये. मेदावरण (मायलिनचे आवरण) असलेल्या भागात ही पद्धत नीट रंगत नाही आणि काहाल यांनी भ्रूणांच्या व कोवळ्या प्राण्यांच्या ऊतींवर काम केले ते याच कारणाने.

मधल्या स्लाइड्सबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. प्रमस्तिष्काचा (मोठ्या मेंदूचा) गॉल्जी छेद फार गच्च रंगला आहे. अनुमस्तिष्काचा साधा रंगवलेला छेद आणि मेरुरज्जूचा आडवा छेद कोणत्याही संचात मिळतात तसेच आहेत. पृष्ठमूळ गुच्छिकेत (मेरुरज्जूलगतच्या चेतापेशींच्या गाठीत) संवेदी चेतापेशींचे गोल देह आणि त्यांच्याभोवती सहायक पेशींचे कडे स्वच्छ दिसते. तारकापेशी या ताऱ्यासारख्या सहायक पेशींची स्लाइड बरी आहे, रक्तवाहिनीवर टेकलेली त्यांची पावले एकदोन ठिकाणी दिसतात. परंतु पुस्तिका या पेशींना नुसता 'आधार' म्हणून मोकळी होते, हे आजच्या ज्ञानाला धरून नाही. दोन चेतापेशी जिथे भेटतात त्या संपर्कस्थानाजवळ साचलेले ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन शोषून घेऊन पुढच्या संदेशासाठी जागा मोकळी करणे हे तारकापेशींचेच काम आहे आणि संदेशवहनावरच्या संचात ते वगळता येत नाही.

तिसरी उत्तम स्लाइड म्हणजे सुईने विंचरून सुटे केलेले चेतातंतू. ऑस्मियमने मेद काळा रंगतो, त्यामुळे प्रत्येक तंतूभोवतीचे मायलिनचे आवरण दोन काळ्या समांतर रेघांसारखे दिसते आणि ठरावीक अंतरावर या रेघा तुटून लहानशी खाच पडलेली दिसते. हीच राँव्हिए यांच्या नावाने ओळखली जाणारी खाच. दोन खाचांमधला सगळा पट्टा श्वान (Schwann) नावाच्या एका आवरण बनवणाऱ्या पेशीने अक्षतंतूभोवती स्वतःचे वेढे घेऊन तयार केलेला असतो आणि जाड तंतूंत हा पट्टा एक मिलिमीटरच्या आसपास लांब असू शकतो. खाच मात्र एखाद्या मायक्रोमीटरचीच असते. हे प्रमाण डोळ्यांनी पाहिल्यावर मग वेगाची गोष्ट आपोआप पटते, कारण आवेग नव्याने उभा करण्याची खटपट फक्त खाचांपाशी करावी लागते आणि मधला पट्टा जवळपास क्षणात पार होतो. आवरण नसलेल्या बारीक तंतूंत आवेग सेकंदाला साधारण एक मीटर जातो. आवरण असलेल्या जाड तंतूंत तो सेकंदाला शंभर मीटरच्याही पुढे जातो. मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात मेंदूतील आणि मेरुरज्जूतील हे आवरण नष्ट होते आणि संदेश रेंगाळतात किंवा वाटेतच थांबतात, हे या स्लाइडसमोर सांगितले तर वेगळे समजवावे लागत नाही.

याच तंतूंचा आडवा छेद नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंजनात स्वतंत्र स्लाइडवर दिला आहे. तिथे प्रत्येक अक्षतंतू हा एक ठिपका आणि त्याभोवती पांढरे कडे असा दिसतो. पुस्तिकेने या कड्याला 'पोकळी' म्हटले आहे आणि ही तिची पहिली ठळक चूक आहे. जिवंतपणी तिथे मायलिन भरलेले असते. छेद तयार करताना अल्कोहोल आणि झायलिनमध्ये त्यातला मेद विरघळून जातो. दोन स्लाइड्स शेजारीशेजारी ठेवल्या तर एकीत जे काळे ते दुसरीत पांढरे, आणि दोन्हीत वस्तू तीच, हे दाखवण्याची फार चांगली संधी होती. रंजनपद्धती काय दाखवते आणि काय पुसून टाकते, हे विद्यार्थ्याने शिकलेच पाहिजे.

आता आवेगाच्या वर्णनाकडे वळतो. पुस्तिका म्हणते की तारेतून वीज वाहते तसा चेतातंतूतून संदेश वाहतो. हे वाक्य काढून टाकावे. 1850 मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या चेतातंतूतील वेग मोजला तो सेकंदाला सुमारे तीस मीटर भरला, तेव्हाच विजेच्या तारेशी असलेले साम्य संपले. चेतातंतूत विद्युतभारित आयन तंतूच्या लांबीने धावत नाहीत, ते तंतूच्या पटलातून, म्हणजे बाहेरच्या पातळ पापुद्र्यातून, आडवे आतबाहेर करतात. विश्रांतीत पटलाच्या आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे 70 मिलिव्होल्ट ऋण असते. हा फरक कमी होत उंबरठ्यापर्यंत, म्हणजे साधारण उणे 55 मिलिव्होल्टपर्यंत आला की सोडियमची द्वारे भराभर उघडतात, सोडियम आत घुसतो आणि आतली बाजू क्षणभर धन होते. मग ही द्वारे आपोआप बंद होतात, पोटॅशियम बाहेर पडतो आणि मूळ स्थिती परत येते. हे सगळे साधारण एका मिलिसेकंदात घडते आणि एका जागचा हा बदल शेजारच्या जागेला उंबरठा ओलांडायला लावतो. नुकतीच वापरली गेलेली द्वारे काही क्षण पुन्हा उघडत नाहीत, म्हणून आवेग मागे फिरत नाही. प्रत्येक ठिकाणी तो नव्याने जन्मतो आणि म्हणूनच एक मीटर गेल्यावरही तसूभर क्षीण होत नाही. संदेश जोराचा असला तरी आवेग मोठा होत नाही, फक्त दर सेकंदाला जाणाऱ्या आवेगांची संख्या वाढते.

पुस्तिकेत आणखी एक चूक आहे, आणि ती अनेक क्रमिक पुस्तकांतही आढळते. प्रत्येक आवेगानंतर सोडियम-पोटॅशियम पंप पटलाची मूळ स्थिती परत आणतो, असे तिथे लिहिले आहे. एका आवेगात सरकणाऱ्या आयनांची संख्या पेशीतल्या एकूण साठ्याच्या मानाने नगण्य असते आणि स्थिती परत आणण्याचे तातडीचे काम पोटॅशियमचे बाहेर जाणे करते. तीन सोडियम बाहेर आणि दोन पोटॅशियम आत असे हलवणारा पंप हा साठा दीर्घकाळ टिकवून धरतो. पंप बंद पाडला तरी जाड अक्षतंतू बराच वेळ आवेग पाठवू शकतो. आवेगात सोडियम आणि पोटॅशियम कसे आतबाहेर होतात, हे हॉजकिन आणि हक्सली यांनी स्क्विड या समुद्री प्राण्याच्या अर्धा-एक मिलिमीटर जाडीच्या अक्षतंतूवर काम करून 1952 मध्ये गणितासह मांडले. इतक्या जुन्या आणि पक्क्या गोष्टीत चूक राहावी याचे मला वाईट वाटते.

चौथी उत्तम स्लाइड गोल्ड क्लोराइडने रंगवलेल्या चेता-स्नायू संपर्कांची आहे आणि माझ्या मते संपूर्ण संचाचा मुकुटमणी तीच. फिकट जांभळट, आडवे पट्टे असलेले स्नायुतंतू एकमेकांशेजारी पडलेले असतात. त्यांच्यावरून काळपट अक्षतंतूंचा एक जुडगा जातो, त्यातून एकेक फाटा सुटतो आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाशी स्नायुतंतूवर टेकलेला लहान लहान गुंड्यांचा घोस दिसतो. एकच अक्षतंतू अनेक स्नायुतंतूंवर कसा पोहोचतो हे इथे बोट ठेवून दाखवता येते. डोळा फिरवणाऱ्या स्नायूंत एका चेतापेशीच्या वाट्याला दहाच्या आसपास स्नायुतंतू येतात, तर पोटरीच्या मोठ्या स्नायूत हजाराहून अधिक. नजरेची अचूकता आणि पायाची ताकद यांतला फरक त्यातूनच येतो.

परंतु त्या गुंडीच्या खाली जे घडते ते इथे दिसत नाही, आणि पुस्तिकेने हे स्पष्ट सांगायला हवे होते. साध्या सूक्ष्मदर्शीची सीमा सुमारे 200 नॅनोमीटरची. चेता-स्नायू संपर्कातली फट पन्नासेक नॅनोमीटरची आणि मेंदूतल्या संपर्कस्थानांतली तर वीसेक नॅनोमीटरचीच असते. काहाल यांना ती फट कधीच दिसली नाही. तिचे दर्शन 1950 च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीने घडवले आणि तेव्हा गॉल्जींचे एकसंध जाळे निर्विवादपणे मागे पडले. पुस्तिकेतल्या चित्रात फट पेशीकायाएवढी रुंद आहे, मापनपट्टी नाही, आणि रसायनाचे रेणू बाणांनी पलीकडच्या पेशीच्या आत शिरताना दाखवले आहेत. हे साफ चुकीचे आहे. आवेग टोकाशी पोहोचला की कॅल्शियम आत येतो, रसायनाने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या पटलाला मिळतात आणि ॲसिटिलकोलिन फटीत सांडते. ते पलीकडच्या ग्राहींना, म्हणजे रसायन ओळखणाऱ्या प्रथिनांना, बाहेरूनच चिकटते, त्यामुळे तिथली आयनद्वारे उघडतात, आणि पुढच्याच क्षणी एक विकर त्याचे तुकडे करते. त्यातले कोलिन अक्षतंतूचे टोक पुन्हा वापरायला परत घेते. मायस्थेनिया ग्रेव्हिसमध्ये शरीराचीच प्रतिद्रव्ये या ग्राहींवर हल्ला करतात आणि स्नायू लवकर थकतात. रेणू आत शिरतात अशी समजूत घेऊन बसलेल्या विद्यार्थ्याला हा आजारही कळणार नाही आणि औषधे ग्राहींवर कसे काम करतात हेही कळणार नाही.

ओटो लोवी यांचा 1921 चा प्रयोग मात्र पुस्तिकेने सुरेख सांगितला आहे: बेडकाच्या एका हृदयाची चेता उत्तेजित करून त्याची गती मंदावली आणि त्याच्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, तर तेही मंदावले. संदेश रसायनातून जातो याचा याहून सुबोध पुरावा नाही. गंमत अशी की या प्रयोगातला संदेश थांबवणारा, मंदावणारा आहे, आणि तरीही पुढे संपूर्ण पुस्तिकेत अवरोधक संदेशांचा उल्लेख नाही. मेंदूतल्या कितीतरी पेशी पुढच्या पेशीला उत्तेजित न करता रोखून धरतात. संचातली सर्वांत देखणी पर्किंजे पेशीदेखील त्यांपैकीच आहे. लाखभर ठिकाणांहून ती ऐकते आणि आपल्या एकमेव अक्षतंतूतून गॅबा या रसायनाच्या भाषेत फक्त रोखण्याचाच संदेश देते. ही एक ओळ असती तर त्या स्लाइडकडे पाहण्याची दृष्टीच बदलली असती.

वापराबाबत काही गोष्टी. निळ्या रंजकाचा लेप प्रकाशात फिका पडतो, म्हणून पाहणे झाले की दिवा बंद करून स्लाइड पेटीत आडवी ठेवावी. गॉल्जी स्लाइडवर तेलाचे शंभरचे भिंग वापरू नये. छेद जाड असल्यामुळे भिंग काचेला टेकते आणि स्लाइड फुटण्याची भीती असते. सूक्ष्मदर्शी साधा असला तरी चालेल, परंतु चाळीसचे भिंग स्वच्छ हवे. शिकवणाऱ्याने संदेशवहनाची पाने वर्गात देण्याआधी वर सांगितलेल्या दुरुस्त्या हाताने करून घ्याव्यात आणि संपर्कस्थानाचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीने घेतलेले, मापनपट्टी असलेले एखादे चित्र चौथ्या स्लाइडसोबत दाखवावे. निर्मात्यांनी पुढच्या वेळी असे चित्र पेटीतच दिले, तर संचाची मोठी उणीव भरून निघेल. तोवर घेणाऱ्याने पेटी हाती आल्या आल्या अनुमस्तिष्काची गॉल्जी स्लाइड कमी वर्धनाखाली तपासावी. पर्किंजे पेशींचा पसारा रुंद दिसला तर ठेवावी, पट्टीसारखा अरुंद दिसला तर बदलून मागावी.